जुन्या ट्राममधली जाहिरातीची कार्डं: ओळखायची कशी, काढायची कशी आणि सोलापूरच्या उन्हात टिकवायची कशी

अमेरिकेतल्या जुन्या ट्राममध्ये आणि सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, डब्यांत खिडक्यांच्या वर, जिथं भिंत संपून छत गोल वळतं ना, तिथं दोन्ही बाजूंनी खाच असलेली एक पट्टी असायची आणि तिच्यात ओळीनं पुठ्ठ्याची जाहिरातीची कार्डं अडकवलेली असायची. साबण, सूप, शर्टाच्या कॉलरी, चुइंगम, खोकल्याची गोळी, सगळं. माप जवळजवळ ठरलेलं, ११ इंच उंच आणि २१ इंच लांब. लांबडी पण यायची, २८ इंची, ४२ इंची, पण उंची तीच ११, त्यामुळं एका गावात छापलेलं कार्ड पार दुसऱ्या टोकाच्या गावातल्या ट्राममध्ये फिट्ट बसायचं आणि सगळा धंदा त्या मापावरच उभा होता. बॅरन कोलियर म्हणून एक माणूस, १८७३ ला मेम्फिसमध्ये जन्मलेला, त्यानं गावोगावच्या ट्राममधल्या या जागा हातात घेतल्या आणि एवढा पैसा केला की फ्लोरिडात जमीनच जमीन घेतली, १९२३ मध्ये तिथल्या एका काउंटीला त्याचंच नाव दिलं. खिडकीवरच्या ११ इंची पट्टीतून आख्खा जिल्हा निघाला की हो!

आता तुम्ही म्हणाल सोलापुरात ट्राम कधी नव्हतीच, विजेची लाईन पण आपल्या स्टेशनात अलीकडंच आली, वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली, मग हे आम्हाला कशाला. तर दोन कारणं. एक म्हणजे आपल्या गल्ली-गल्लीतली पोरं तिकडं नोकरीला आहेत, शनिवार-रविवार फिरायला जातात, आणि तिकडं अशा गाड्या जपून ठेवलेली म्युझियम खच्चून भरलेली आहेत. दुसरं म्हणजे कागद कुठलाही असो, जपायची रीत एकच. तुमच्या माळ्यावर मिलच्या कापडाच्या ताग्यावर चिकटवायची रंगीत तिकिटं असतील, बिडीच्या कट्ट्याची लेबलं असतील, जुनी कॅलेंडरं असतील, त्यांनाही यातलं नव्वद टक्के लागू पडतंय.

जायचं कुठं ते आधी सांगतो. मेन राज्यात केनेबंकपोर्टला सीशोर ट्रॉली म्युझियम आहे, १९३९ पासूनचं. कनेक्टिकटमध्ये ईस्ट हेवनला शोअर लाइन ट्रॉली म्युझियम, इलिनॉयमध्ये युनियन गावाला इलिनॉय रेल्वे म्युझियम. आणि न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला ट्रान्झिट म्युझियम, ते तर बंद पडलेल्या कोर्ट स्ट्रीट स्टेशनातच १९७६ ला सुरू झालंय, खाली फलाटाला जुने डबे उभे आणि आत वर बघितलं की जाहिरातींची रांग. इंग्लंडमध्ये डर्बीशरला क्रिच गावचं ट्राम म्युझियम. आपल्याकडं कोलकात्यात एस्प्लनेडला ट्रामच्या डब्यातच केलेलं स्मरणिका म्युझियम आणि मुंबईत आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम. मुंबईची विजेची ट्राम १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली, त्यामुळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर अजून कुणीतरी बसलेलं निघतंय.

आता मुद्द्याचं. कार्डाची अर्धी माहिती कार्डावर छापलेली नसतीच, ती त्याच्या जागेत असती. कुठल्या गाडीत, कुठल्या बाजूला, दारापासून कितवं, पुढं होतं का दुसऱ्या कार्डाच्या मागं दडलेलं, पाठीवर काय लिहिलंय. लोक काय करतात, सुंदर दिसलं की चर्र करून ओढून काढतात, फोटो टाकतात, आणि मग ते कुठून आलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हात लावायच्या आधी फोन काढा. पहिला फोटो गाडीच्या नंबरचा, बाहेरून. मग आत उभं राहून एका बाजूची पूर्ण रांग, मग दुसरी बाजू, मग एकेक कार्ड समोरून. फ्लॅश बंद, कारण कार्डावर कधी कधी वार्निश असतं आणि सगळा उजेड परत मारतो. तुमचा भाचा तिकडं जाणार असेल तर त्याला आधीच बजावून ठेवा, "बाबा, नुसतं जाहिरातीचा क्लोज-अप नको, गाडीचा नंबर आधी आणि वरच्या-खालच्या कडा दिसू देत," नाहीतर ही पोरं मधलं चित्र तेवढं पाठवतात.

कडा का, तर पुरावा तिथंच असतोय. कार्डाची वरची आणि खालची कड खाचेत गेलेली असती, तेवढ्या चिंचोळ्या पट्टीवर उजेड पडलेला नसतो, म्हणून तिथं मूळ रंग जसाच्या तसा राहतो. मधलं चित्र फिकट आणि कडेला एकदम झगझगीत लाल, असं दिसलं की समजायचं हे कार्ड खरंच कुठल्यातरी पट्टीत वर्षानुवर्षं बसलेलं होतं. उजेडानं लाल-पिवळा आधी उडतो आणि निळा मागं राहतो, आपल्या सलूनमधले जुने फोटो बघा की, हिरो-हिरोइन सगळे निळे पडलेले. विकायला आलेल्या कार्डाचा रंग कडेपासून कडेपर्यंत सारखा असेल तर दोन शक्यता, एकतर ते कधी गाडीत लागलंच नाही, छापखान्याच्या गठ्ठ्यात राहिलं, नाहीतर परवा छापलंय.

खरं-खोटं बघायला महागाचं काही लागत नाही. घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग असतंय बघा, तेवढं बास. रंगाच्या भागावर धरा. अगदी बारीक ठिपके एकमेकांत गुंफून छोटी-छोटी फुलं झाल्यासारखी दिसली तर चार रंगांचं ऑफसेट, आजच्या छापखान्याची पद्धत, म्हणजे १९०५ चं म्हणून विकत असतील तर हात जोडा. दगडावरचं जुनं लिथो असेल तर ठिपके वेडेवाकडे, खडूनं घासल्यासारखे, आणि प्रत्येक रंग वेगळा दिसतो. सिल्कस्क्रीन, म्हणजे जाळीच्या कापडातून शाई ढकलून छापलेलं, असेल तर शाईचा थर जाड, सपाट, बोटाला किंचित उंचवटा लागतो. घरच्या प्रिंटरवर काढलेली कॉपी असेल तर रंगाचा नुसता शिडकावा दिसतो.

दुसरी वस्तू म्हणजे नोटा तपासायची ती जांभळी टॉर्च, दुकानदारांकडं असती ना, तीच. अंधाऱ्या खोलीत कार्डाच्या पाठीवर मारा. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी जी पावडर घालतात ती टॉर्चखाली निळी-पांढरी चमकते. जुना पुठ्ठा मंद पिवळट दिसतो, चमकत नाही. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं म्हणून घेतलेलं कार्ड धुवून नीळ दिलेल्या धोतरागत चकाकायला लागलं तर काय समजायचं ते समजा. फक्त उलटं नका धरू, न चमकणारं प्रत्येक कार्ड जुनंच असं काही नाही, न चमकणारा कागद आजही मिळतो, आणि चहाच्या पाण्यात बुडवून पाठ तपकिरी करणारे कलाकार सगळीकडं आहेत. पण चहानं आलेला रंग सगळीकडं एकसारखा येतो, खऱ्या पाठीवर पट्टीची रेघ, घाण साचलेली कड, कुठं गंजाचा डाग असं काहीतरी असतंच.

सालाचा अंदाज बांधायला छापलेला मजकूर कामाला येतो आणि यात खरी मजा आहे. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर कार्ड १९६३ नंतरचं, कारण झिप कोड त्याच वर्षी आला. शहराच्या नावापुढं नुसता एक-दोन आकडी झोन नंबर असेल तर १९४३ ते १९६३ च्या मधलं. निळा गरुड आणि एन-आर-ए अशी तीन अक्षरं असतील तर १९३३ ते १९३५, मंदीतली सरकारी योजना होती ती. वॉर बाँड, म्हणजे युद्धाच्या खर्चासाठीचे सरकारी रोखे, घ्या म्हणत असतील तर दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. उघड-उघड बिअरची जाहिरात असेल तर ती दारूबंदीतली, म्हणजे १९२० ते १९३३ मधली असायची शक्यता नाहीच्या बरोबर. न्यूयॉर्क सबवेच्या डब्यात हसऱ्या पोरीचा फोटो आणि मिस सबवेज असं असेल तर १९४१ ते १९७६, तेवढीच वर्षं ती स्पर्धा चालली. आणि कॅम्पबेल सूपची ती गोबऱ्या गालांची पोरं दिसली तर १९०४ च्या आधीचं नक्कीच नाही, ग्रेस विडरसीम या बाईनं ती त्याच वर्षी खास ट्रामच्या कार्डांसाठी काढली होती. जगभर गेलेली ती चित्रं ट्रामच्या छताखाली जन्मली, हे मला फार भारी वाटतंय.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, गाडीचं साल आणि कार्डाचं साल जुळलंच पाहिजे असं नाही. १९११ ला बांधलेली गाडी १९४६ पर्यंत रस्त्यावर असेल तर आत १९४६ चंच कार्ड सापडणार, ते चूक नाही. कामगार घाईत जुनं न काढता त्याच्यावरच नवं सरकवायचे, त्यामुळं समोरच्या कार्डाच्या मागं आणखी एखादं निघू शकतंय आणि मागचं बऱ्याचदा रंगानं जास्त ताजं असतं कारण वर नवं आल्यापासून त्याला ऊन लागलेलं नसतं. शिवाय म्युझियमवाले स्वतः दुसरीकडून आणून कार्डं लावतात, कधी मूळ आत जपून ठेवून कॉपी बाहेर लावतात, यात फसवणूक काही नाही, उलट शहाणपणाच आहे. म्हणून तिथल्या माणसाला सरळ विचारा, हे गाडीबरोबर आलं का नंतर लावलं. ते लोक बहुतेक हौशी स्वयंसेवक असतात, विचारलं की खुश होतात, मग तास-दीड तास सुटका नाही ही तयारी ठेवा.

काढायचं काम तुमच्या वाट्याला सहसा येणार नाही, म्युझियममधलं कार्ड म्युझियमचं असतं आणि ते काढून खिशात घालणं म्हणजे चोरी, पण कुणी तिकडं स्वयंसेवक म्हणून जात असेल तर सांगून ठेवतो. आधी गाडीची वीज बंद आहे आणि वरचा दांडा तारेवरून खाली घेतलाय हे तिथल्या जबाबदार माणसाकडून ऐका, अमेरिकन ट्रामच्या तारेत साधारण ६०० व्होल्ट डीसी असतंय. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून पट्टी खरवडायची नाही, मास्क लावायचा. मग कार्ड. नवं होतं तेव्हा ते मधून वाकवून वरची कड वरच्या खाचेत आणि खालची खालच्या खाचेत सोडायचे, स्प्रिंगसारखं आपोआप ताठ बसायचं. आज तसंच वाकवून काढायला गेलात तर ऐंशी वर्षांचा पुठ्ठा कडक भाकरीसारखा कडकन मोडतो आणि तो पण बरोबर चित्राच्या मधोमध. त्यापेक्षा पट्टीच्या टोकाचा स्क्रू सोडवा आणि कार्ड आडवं सरकवत टोकाकडून बाहेर घ्या. अडलं तर मागून एक ओएचपी शीट, ती पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची, हळूच सरकवा आणि शीटसकट ओढा. हलतच नसेल तर राहू द्या, फोटो आहे ना.

काढलं की पाठ बघा. छापखान्याचं नाव, एजन्सीचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, काय असेल त्याचा फोटो. कार्डावर स्वतः काही लिहायचं नाही, चिठ्ठी वेगळी करायची, तिच्यावर गाडी नंबर, बाजू, कितवं, पुढं का मागं.

आता साफसफाई. विजेच्या गाडीतली धूळ आपल्या रस्त्यावरच्या धुळीसारखी नसती, त्यात ब्रेकच्या बिडाची पूड असती आणि मोटारीतल्या कार्बनची काजळी. ओल्या फडक्यानं पुसलं की काजळी कागदात मुरली आणि लोखंडाच्या कणांना पाणी मिळालं, मग काही महिन्यांनी नारिंगी ठिपके. त्यामुळं पाणी अजिबात नको. मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या, मधून बाहेरच्या बाजूला एकाच दिशेनं, हलक्या हातानं. मग पांढरा साधा खोडरबर किसणीवर किसून त्याचा चुरा पाठीवर टाका आणि बोटाच्या टोकानं गोल फिरवा, चुरा काळा झाला की झटका. छापलेल्या बाजूला हे करायचं असेल तर आधी एका कोपऱ्यात करून बघा, सिल्कस्क्रीनचा रंग पावडर होऊन निघत असेल तर तिथंच थांबा.

वाकलेलं कार्ड सरळ करायची घाई आपल्याकडं तर करूच नका. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढं, हवेत ओलावा नावाला नाही, त्यात पुठ्ठा अगदी कडक झालेला असतो. हे काम श्रावणात काढा. पाऊस लागून राहिलेला असतो तेव्हा कार्ड तसंच दोन-तीन दिवस टीपकागदावर उघडं ठेवलं की स्वतःहून मऊ पडतं, मग वर-खाली टीपकागद, त्यावर सपाट फळी, त्यावर थोडं वजन, आणि रोज वाढवत न्यायचं. एकदम पाटा-वरवंटा ठेवायचा नाही. रोज उचलून बघायचं, बुरशीचा वास आला की लगेच मोकळं करायचं. मुंबईकरांना बुरशीचा त्रास बारमाही, आपल्याला पावसाळ्यापुरता, एवढं एक सोलापूरच्या हवेचं सुख. उन्हाचा त्रास मात्र डबल, कारण या पुठ्ठ्याचा गाभा लाकडाच्या लगद्याचा, त्यात अॅसिड तयार होत राहतं आणि जितकी उष्णता जास्त तितकं ते जोरात काम करतं.

फाटलं असेल तर सेलोटेप नाही. फेव्हिकॉल पण नाही, तो एकदा वाळला की परत सुटत नाही. मैद्याची खळ करा. आपल्याकडं सुताला खळ देणाऱ्या घरांना खळ कशी शिजवायची ते मी काय सांगणार, गुठळी नको आणि पातळ हवी एवढंच. एकच फरक, पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद टाकतात किडा लागू नये म्हणून, तो इथं टाकायचा नाही, त्यातलं तांबं कागद खातं. रोजची ताजी खळ करा, उरली तर टाकून द्या. चिकटवायला जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, ऑनलाइन मिळतो, त्याची बोटभर पट्टी हातानं फाडून पाठीकडून लावा. कात्रीनं कापू नका, कापलेल्या सरळ कडेची रेघ पुढच्या बाजूला उमटती.

आणि लॅमिनेशन! हात जोडून सांगतो, नका करू. आपल्याकडं काहीही जुनं सापडलं की पहिला विचार लॅमिनेशनचा, आजोबांची सनद असो का कुंडली. गरम रोलरमधून गेलं की ते प्लॅस्टिक कागदात वितळून बसतं, आतलं अॅसिड आत कोंडतं आणि परत काढायचा मार्ग राहत नाही.

स्कॅन करायचं तर मापाची अडचण येती. २१ इंच म्हणजे ५३ सेंटीमीटर, आणि ए-३ स्कॅनर ४२ सेंटीमीटरला संपतो. दोन भागात, मध्ये तळहाताएवढं सामाईक ठेवून, ३०० किंवा ४०० डीपीआयला स्कॅन करा आणि कॉम्प्युटरवर जोडा. वाकलेलं असेल तर स्कॅनरच्या झाकणाखाली दाबायचं नाही, त्यापेक्षा सावलीत, उत्तरेकडच्या खिडकीजवळ जमिनीवर पसरून वरून कॅमेरा. शेजारी फूटपट्टी आणि पांढरा कागद ठेवा, पट्टीवरून माप कळतं आणि कागदावरून रंग दुरुस्त करता येतो. पाठीचा पण स्कॅन, कोरी दिसली तरी.

ठेवायला ए-२ चं फोल्डर बरोबर बसतं. आत अॅसिड-फ्री कागद, प्रत्येक दोन कार्डांमध्ये एक. साडीची प्लॅस्टिकची पिशवी किंवा ती वास मारणारी पीव्हीसीची फाइल वापरू नका, उन्हाळ्यात शाईला चिकटते. पैसे कमी असतील तर जुनी रीत वापरा, पेशवे दप्तरातली कागदपत्रं रुमालात बांधून ठेवायचे तसं, खळ निघेपर्यंत दोन-चारदा धुतलेलं सुती कापड घ्या, पुठ्ठ्यावर सपाट ठेवून बांधा. गोदरेजच्या कपाटात मधल्या कप्प्यात, आतल्या भिंतीला लागून. पत्र्याच्या खोलीत नाही, माळ्यावर नाही, पश्चिमेच्या भिंतीला तर नाहीच नाही. डांबरगोळ्या कागदाजवळ नकोत. कसर आणि वाळवी बघायला दर दोन-तीन महिन्यांनी उघडायचंच, कडूनिंबाचा पाला ठेवून निर्धास्त झोपणाऱ्यांचीच कागदं वाळवी खाती.

फ्रेम करायचीच असेल तर मूळ कार्डाची नको, चांगला प्रिंट काढून त्याची करा. तरी मूळच लावायचं म्हणत असाल तर फ्रेमवाल्याच्या समोर उभं राहा. त्यांची सवय म्हणजे मागं तपकिरी हार्डबोर्ड, चारी बाजूनं टेप आणि काच थेट चित्रावर टेकलेली. तुम्ही अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, स्वतः घेऊन जा, काच आणि कार्डात माउंटच्या जाडीएवढी जागा ठेवायला लावा, आणि चिकटवू नको म्हणून सांगा, कोपरे नुसते कागदाच्या खोबणीत अडकवायचे. "साहेब असं कोण करत नाही" म्हणतील, म्हणू देत.

प्रिंट काढून मित्रांत वाटायचे किंवा विकायचे असतील तर हक्काचं पण बघा. अमेरिकेत प्रसिद्ध होऊन ९५ वर्षं झालेलं काम खुलं असतं, आणि १९७८ च्या आधी कॉपीराइटची खूण न छापता प्रसिद्ध केलेलं पण बहुतेक खुलंच. म्हणून कार्डाच्या कडेला गोलातला सी आणि साल आहे का ते भिंगानं शोधा, कधी कधी ते इतकं बारीक असतं की खाचेत गेलेल्या पट्टीतच सापडतं. कंपनीचं नाव आणि चिन्ह मात्र वेगळी गोष्ट, सूपवाली कंपनी आजही चालू आहे, तिची ती पोरं टी-शर्टवर छापून नवी पेठेत विकायला बसू नका.